कोणता कचरा किती दिवसांत कुजतो? आपल्याच मातीत पुरून बघा

आमच्या सहावीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता असायचा. केळीची साल, वर्तमानपत्र, सुती कापड, पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बाटली, काच, आणि प्रत्येकापुढे कुजायला लागणारा काळ. बाटलीपुढे ४५० वर्षं. मी तो तक्ता कितीतरी वर्षं तसाच शिकवत आले. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, साडेचारशे वर्षं कुणी मोजली?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन शोधलं, वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, की कुणीच मोजली नाहीत. पॉलिथिन हाती लागलं १९३३ साली, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, तेही भलत्याच प्रयोगातून. शीतपेयाची बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची असते, तिचं पेटंट १९७३ चं. साडेचारशे वर्षांपूर्वी तर शिवाजी महाराजांचाही जन्म झालेला नव्हता. असे आकडे बहुतेक अंदाजाचे असतात. काही महिने वस्तूचं वजन किती घटलं ते बघायचं आणि तोच वेग पुढं ताणत न्यायचा. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी २०२० साली असे तक्ते तपासले, तर त्यांतल्या बऱ्याच आकड्यांमागं प्रत्यक्ष मोजमाप सापडलं नाही.

"मग आपणच पुरून बघू या की," ती मुलगी म्हणाली.

तेव्हापासून आम्ही पुरतोय आणि उकरतोय. कसं करायचं ते सविस्तर लिहिते. याला खर्च जवळपास नाही, आणि शाळेच्या आवारात, सोसायटीच्या बागेत, शेताच्या बांधावर, कुठंही जमतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी

कुजणं म्हणजे खाल्लं जाणं. मातीतले जिवाणू आणि बुरशी वस्तूवर पाचक रस सोडतात, तिच्या लांबलचक साखळ्या तोडतात आणि सुटलेला भाग शोषून घेतात. शेवटी वायू, पाणी आणि थोडं खत उरतं. केळीची साल, कागद, कापूस यांच्या साखळ्या तोडणारी कात्री या जीवांकडं कोट्यवधी वर्षांपासून आहे. लाकडातलं, करवंटीतलं, काथ्यातलं लिग्निन नावाचं चिवट द्रव्य तोडायला फारच थोड्या बुरश्यांना जमतं, म्हणून नारळाची सोडणं इतकी टिकतात. पॉलिथिनची साखळी तोडायची कात्री मातीतल्या जीवांकडं जवळजवळ नाहीच. जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या आवारात पेट खाणारा जिवाणू सापडल्याचं २०१६ साली जाहीर झालं, पण त्याच्या भरवशावर कुणी शेतात बाटली पुरू नये.

प्लास्टिकचं काय होतं, तर उन्हानं ते ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे पडतात. तुकड्यांचे आणखी तुकडे. डोळ्यांना दिसेनासं झालं की आपण म्हणतो, गेलं. पण ते कुणी खाल्लेलं नसतं. दिसेनासं होणं वेगळं आणि कुजणं वेगळं. हा सगळा खटाटोप या दोहोंतला फरक मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून.

जागा, खोली आणि मुहूर्त

आमची शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीपासून फार लांब नाही. जमीन काळी, चुनखडीची. पाऊस बेताचाच. अशा ठिकाणी सुरुवात जूनमध्येच करावी. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस पडून वाफसा आला की लगेच. कुजायला ओल, हवा आणि ऊब तिन्ही एकदम लागतात, आणि वाफसा म्हणजे नेमकं तेच: ओल आहे, पण चिखल नाही, ढेकळांमध्ये हवा खेळतेय. फेब्रुवारीत पुरलं तर कोरड्या जमिनीत जूनपर्यंत काहीच घडत नाही आणि मुलांना वाटतं, केळीची साल चार महिने टिकते. दरवर्षी कुणीतरी शिक्षक मला हेच येऊन सांगतात. वस्तूचा दोष नसतो, महिना चुकलेला असतो.

जागा निवडताना पाणी साचणारी नको, विहीर किंवा बोअरच्या जवळची नको, आणि पुढच्या काही वर्षांत बांधकाम होणार नाही अशी हवी. झाडाच्या अगदी बुंध्याशीही नको, मुळं जाळीत शिरतात.

खोली एक वीत, याहून जास्त नाही. चहाच्या पिशव्या जमिनीत पुरून मातीची ताकद मोजायची एक पद्धत जगभर वापरतात, टी बॅग इंडेक्स नावाची, २०१३ साली प्रसिद्ध झालेली. तीत तर पिशवी फक्त ८ सेंटिमीटर खोल पुरतात आणि साधारण ९० दिवसांनी काढून वजन करतात. मातीतली बहुतेक वर्दळ या वरच्या थरातच असते. जसजसं खाली जावं तसतशी हवा कमी, जीव कमी.

हे पटवायला आम्ही एक खड्डा मुद्दाम कमरेइतका खोल घेतला. तो शाळेच्या शिपाईमामांनी खणला, मुलांना एवढं खोल खणू देऊ नये. तळाशी वर्तमानपत्राची एक घडी ठेवली. त्याची गोष्ट पुढं येते. खणताना एक खापर निघालं, लालसर, कडेला काळी रेघ असलेलं. मुलं ते घेऊन नाचलीच, कारण आमच्याच तालुक्यात इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्य, जोर्वे पद्धतीची, म्हणजे लाल रंगावर काळी नक्षी असलेली, भांडी बाहेर काढली. आमचं खापर तितकं जुनं की कुणाच्या पणजीच्या घागरीचं, ते मी ठरवू शकत नाही. पण त्या दिवशी एक धडा आपोआप झाला. भाजलेली माती हजारो वर्षं कुजत नाही, आणि तरी तिनं कुणाचं वाईट केलं नाही. तिचं खापर होतं, खापराची कच होते, ती मातीच असते. तेव्हा "किती वर्षं टिकतं" एवढाच प्रश्न पुरत नाही. "तेवढी वर्षं तिथं पडून काय करतं" हेही विचारावं लागतं.

काय पुरायचं, कसं पुरायचं

आम्ही बारा वस्तू घेतल्या: केळीची साल, कांद्याचा पाचोळा, अंड्याचं टरफल, आंब्याची कोय, वर्तमानपत्र, चहाचा कागदी कप, सुती सदऱ्याची बाही, सुतळी आणि तिच्या शेजारी प्लास्टिकची सुतळी, झेंडूचा हार, दुधाची पिशवी, वेफर्सचं चकचकीत पाकीट, आणि दुकानदारानं "ही कुजणारी आहे बाई, हिरवी आहे" असं सांगून दिलेली एक पिशवी. तुम्ही तुमच्या घरातल्या बादलीत रोज काय पडतं ते बघून यादी करा. कोकणात असाल तर करवंटी आणि पोफळीच्या विरीची ताटली घ्या. टोमॅटो, कलिंगड करत असाल तर मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, घ्याच.

प्रत्येक वस्तूचे पाच सारखे नग करायचे, कारण पाच वेळा उकरायचं आहे. एकदा उकरलेलं परत पुरून पुढचं माप घेऊ नये. हवा लागते, मोडतोड होते, हिशेब बिघडतो.

पुरण्याआधी वस्तू दोन दिवस उन्हात वाळवून वजन करा. ओल्या केळीच्या सालीत बहुतांश पाणीच असतं, ते घटलं म्हणजे साल कुजली असं वाटेल. भाजीच्या तराजूवर हे काम होत नाही. सोनार वापरतात तसा ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा. हल्ली तो काहीशे रुपयांत मिळतो. नाही मिळाला तर आलेखाच्या कागदावर वस्तू ठेवून फोटो काढा. किती चौकोन झाकले, ते मोजता येतं.

मग प्रत्येक नग कांद्याच्या लाल जाळीच्या पिशवीच्या तुकड्यात बांधायचा. जाळी नसेल तर दोन महिन्यांनी नुसती माती हाती लागते आणि वस्तू कुजली की सरकली, हेच कळत नाही. जाळीतून बुरशी, ओल, बारीक गांडुळं आत जातात, वस्तू मात्र जागेवर राहते. बांधायला नायलॉनचाच दोरा.

चिठ्ठीचं आम्ही पहिल्याच खेपेला चुकवलं. पुठ्ठ्यावर मार्करनं नावं लिहिली होती. ऑगस्टमध्ये उकरलं तर पुठ्ठाच नव्हता, आणि जिथं होता तिथं अक्षर नव्हतं. नंतर शीतपेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याच्या पट्ट्या कापून (कडा घासून, मोठ्यांनी) त्यांवर खिळ्यानं आकडे कोरले. ते आजही कालच कोरल्यासारखे वाचता येतात, कारण अॅल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाच्या गंजासारखा तो गळून पडत नाही.

आता जमिनीत वीतभर खोल चर काढा, जाळ्या हातभर अंतरानं ठेवा, निघालेल्या मातीनंच बुजवा. शेणखत, कल्चर, गूळपाणी असलं काही घालू नका. तुम्हाला तुमची माती काय करते ते बघायचंय. वर बोरीच्या काट्या टाका, नाहीतर कुत्री रात्रीत सगळं उकरतात. वहीत नकाशा काढा आणि अंतरं एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीपासून मोजा. पाराचा कोपरा चालेल, विजेचा खांब चालेल. काठी रोवून खूण केली तर ती काठी सरपणाला जाते.

काही गोष्टी अजिबात पुरू नका: बॅटरीचे सेल, ट्यूब आणि सीएफएल दिवे, जुनी औषधं, कीटकनाशकांच्या बाटल्या, वापरलेले डायपर आणि पॅड. यांतून जे मातीत झिरपतं ते आपल्याच पाण्यात येतं.

उकरायचं कधी आणि बघायचं काय

आम्ही दोन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षं असं ठरवलं. पाचवा संच अजून जमिनीत आहे. उकरताना कुदळ नको, खुरपं घ्या, आणि शेवटची दोन बोटं माती हातानं सारा. जाळी बादलीत अलगद बुडवून माती सोडवा, चाळणीवर उलटी करा, उरलेलं दोन दिवस वाळवा, मग वजन.

ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या ओलीत पहिला संच काढला. केळीच्या सालीच्या जाळीत काळी भुसभुशीत माती होती, तिला वासही मातीचाच. सुतळी बोटात धरली की तुटत होती. प्लास्टिकची सुतळी धुतली तर नवी. कांद्याचा पाचोळा अंदाजापेक्षा चिवट निघाला. आणि कोय! ती सडलीच नाही, उगवली. जाळीतून तांबूस कोवळी पानं वर आलेली. "वजन घट" या रकान्यात काय लिहायचं यावर वर्गात मोठा वाद झाला. ते रोप आम्ही कुंपणाशी लावलं आणि रकाना मोकळा ठेवला.

सदऱ्याच्या बाहीकडं नीट बघा, ती फार शिकवते. सहा महिन्यांनी कापड जवळपास गेलं होतं, पण जाळीत बाहीचा आकार तसाच होता. शिलाईच्या दोऱ्यांचा. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा सदऱ्याचा हाडाचा सापळा." कापड सुती, शिवलेलं मात्र पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं. तसंच झेंडूच्या हाराचं. फुलं दोन महिन्यांत मातीत मिसळली आणि उरला हातभर पांढरा नायलॉनचा दोरा. त्या गणपतीपासून आमच्या गावात निर्माल्य खतात टाकण्याआधी दोरा ओढून काढायचं काम मुलं करतात. घरीही हार टाकताना दोरा आधी काढा. तोच दोरा नंतर खुरप्याला, गांडुळांना, चाऱ्यातून गाईच्या पोटाला गुंततो.

कागदी कपावर मात्र मला थोडं थांबायचंय. सहा महिन्यांनी तो चाळणीवर उलटा केला आणि कुणी काही बोललंच नाही. कागद गेला होता. राहिला होता पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, कपाच्याच आकाराचा कप. त्यातून पलीकडचं बोट दिसत होतं. चहा झिरपू नये म्हणून कपाला आतून पॉलिथिनचा थर देतात, तो तसाच्या तसा होता, तळाच्या घडीसकट. आमच्या गावात लग्नाकार्यात हे कप "कागदाचेच तर आहेत" म्हणून थेट उकिरड्यावर जात होते. तो पापुद्रा मी काचेच्या बरणीत ठेवला आहे. पालक सभेला बरणी फिरवते, बोलावं फारसं लागत नाही. पत्रावळीही हल्ली उलटून बघा. पळसाच्या किंवा वडाच्या पानांची, काड्यांनी टोचलेली असेल तर खुशाल खतात टाका. खाली चकचकीत कागद चिकटवलेला असेल तर तिचंही कपासारखंच होतं.

त्या हिरव्या पिशवीचं सांगते. दोन वर्षांनी काढली, धुतली आणि एका मुलानं तिच्यातून पाच वह्या वर्गात आणल्या. हे आमच्याच मातीत झालं असं नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१९ साली याच विषयावर संशोधन प्रसिद्ध झालं. तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहिलेल्या "बायोडिग्रेडेबल" पिशव्यांतून तेव्हाही बाजार आणता येत होता. उघड्या हवेत ठेवलेल्या सगळ्याच पिशव्या मात्र नऊ महिन्यांत तुकडे होऊन गेल्या. म्हणजे जिथं ऊन आहे तिथं तुकडे, जिथं अंधार आहे तिथं अखंड. आमच्या जाळ्यांचंही तेच. जमिनीतली जाळी लालभडक, पत्र्यावर राहिलेली तशीच जाळी दोन उन्हाळ्यांत चुरगळून भुकटी झाली.

अंड्याच्या टरफलानं मला चकवलं. मी मुलांना ठामपणे सांगितलं होतं की ते वर्षात विरघळेल. दोन वर्षांनीही ते होतं तसं होतं. टरफल चुन्याचं, आणि चुना आम्लात विरघळतो. आमची माती स्वतःच चुनखडीची, तिला ते विरघळवायचं कारणच नाही. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत हेच टरफल वेगळं वागेल. एकाच वस्तूचा आकडा दोन तालुक्यांत दोन असू शकतो, तो असा.

वही चाळणाऱ्या मुली अधूनमधून मला हळूच विचारायच्या, "बाई, आपलं ते?" म्हणून दुसऱ्या वर्षी एक नवा, न वापरलेला सॅनिटरी पॅडही पुरला. गावात मुलींना "कुणी बघणार नाही असं पुरून टाक" असंच सांगतात. वर्षानं त्यातला कापसासारखा लगदा बराच गेला होता. वरची जाळीदार चादर आणि खालचा प्लास्टिकचा पडदा शाबूत होते, मध्ये पाणी धरून फुगलेली जेलची खडी. मुलींना मी ते हातात घेऊन दाखवलं. पुरल्यानं लपतं, संपत नाही. वेगळ्या कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून घंटागाडीत वेगळा द्यायचा, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईंना उघडून बघावं लागत नाही. ही खूण पुण्यात कचरावेचकांच्या चळवळीनं रुजवली. गाडीच येत नसेल तर धुऊन वापरायच्या सुती घड्या हाच धड मार्ग आहे, पण त्या उन्हात वाळवायची मोकळीक घरानं द्यायला हवी.

खोल खड्ड्यातली घडी

वीतभर खोल पुरलेला वर्तमानपत्राचा सुटा कागद दोन महिन्यांत ओळखू येत नव्हता. कमरेइतक्या खोल खड्ड्यातली घडी एक वर्षानं काढली. बाहेरचे पदर काळे पडून चिकटले होते. आतला पदर उलगडला आणि पाचवीतल्या मुलानं बातमी मोठ्यानं वाचली. तारखेसकट.

अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठातल्या विल्यम रॅथ्जे या पुरातत्त्वज्ञानं १९७३ साली कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढं मोठमोठ्या कचराभूमी पुरातत्त्वाच्या पद्धतीनं खणल्या. त्यांना कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं सापडली, वाचता येण्याजोगी. दाबून भरलेल्या, हवा नसलेल्या ढिगात कागदसुद्धा कुजायचं विसरतो. जे कुजतं तेही हवेविना, आणि त्यातून मिथेन निघतो. देवनारसारख्या कचराभूमीला लागणाऱ्या आगींत या वायूचा हात असतो. ओला कचरा घंटागाडीत एकत्र कोंबून "कुजणारच आहे" असं समाधान मानू नये ते यासाठी. तुमच्या कुंडीत दोन महिने घेणारी साल तिथं काय करेल, सांगता येत नाही.

वहीतले आकडे कसे वाचायचे

दोन महिन्यांत अर्धं वजन गेलं, म्हणजे चार महिन्यांत सगळं जाईल, असा हिशेब करू नका. आधी साखर, पिष्ट, मऊ भाग जातो. चिवट भाग मागं राहतो आणि वेग मंदावत जातो. शिवाय आमच्याकडं डिसेंबर ते मे जमीन कोरडी, त्या सहा महिन्यांत रेघ जवळजवळ आडवी. तापमान दहा अंशांनी वाढलं तर कुजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, पण ओल असेल तरच. म्हणून वजनापुढं दरवेळी तारीख, पाऊस झाला की नाही, माती मुठीत धरली तर लाडू होतो की भुगा, एवढं लिहाच.

"काहीच उरलं नाही" असं लिहिण्याआधी एक परीक्षा करा. जाळीतली आणि भोवतालची मूठभर माती बादलीत घ्या, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं पाणी ओता, ढवळा आणि तासभर ठेवा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, थर्माकोल वर तरंगतात. पेट खाली बसतं, हे ध्यानात असू द्या. वर काड्या आणि मुळंही येतील. शंका वाटेल त्या तुकड्याला तापवलेली सुई टेकवा. पाचोळा काळा पडतो, प्लास्टिक वितळून वाकतं. सुई मोठ्यांनी धरावी, आणि जाळून बघण्याचा मोह अजिबात नको, तो धूर विषारी असतो.

हीच परीक्षा आम्ही शेणखतावर केली. एका मुलाच्या आजी म्हणाल्या होत्या, "बाई, आमच्या काळी उकिरड्यातनं खत निघायचं, आता पुड्या निघत्यात." त्यांच्याच उकिरड्याचं घमेलंभर खत आणलं आणि त्यातून गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सच्या पाकिटांचे तुकडे वेचून काढले. ते खत दरवर्षी रानात जातं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण त्या आजींनी आयुष्यात कधी प्लास्टिकची पिशवी मागून घेतलेली नाही.

मग घरात काय बदलायचं

खतात टाकायचं ते बारीक करून टाका. अखंड नारळाच्या सोडणापेक्षा कुटलेलं लवकर जातं. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पाचोळा घाला, ढीग आठवड्याला हलवा. मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि मातीत सहा महिने घेणारी गोष्ट तिथं दोनेक महिन्यांत संपते. छोट्या कुंडीत एवढी ऊब येत नाही, तिथं धीर धरायचा.

पिशवीवर "बायोडिग्रेडेबल" किंवा "इको" एवढंच छापलं असेल तर तिला साधी प्लास्टिकची समजा. "कंपोस्टेबल" असेल तर त्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे का बघा. विकणाऱ्याकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पण हे मानक कारखान्यातल्या ५८ अंशांच्या ढिगासाठी आहे. तिथं १८० दिवसांत पिशवीतला ९० टक्के कार्बन वायूरूप होऊन गेला पाहिजे, अशी अट. तुमच्या कुंडीतल्या तीस अंशांत ती पिशवी तेवढ्या काळात जाईलच असं नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर द्या. तो बोटाच्या पेराएवढा त्रिकोण कुणीच वेचत नाही, अख्खी धुतलेली पिशवी मात्र भंगारवाले घेतात. मल्चिंग पेपर रोटावेटर फिरवायच्या आधी गोळा करा, एकदा फिरला की त्या चिंध्या पुन्हा हाती येत नाहीत. टोमॅटोच्या बांधणीला तागाची सुतळी घ्या, हंगामानंतर ती जमिनीतच राहिली तरी चालते.

गणपती जवळ आले की प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रश्न दरवर्षी येतो, तर तेही इथंच. ते कुजत नाही, विरघळतं, आणि एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे किलोभराच्या मूर्तीला चारशे लिटरच्या पुढं पाणी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेट घालून ती बादलीत विरघळवायची रीत शोधली. उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, आणि तळाशी चुन्याचा गाळ. शाडूची मूर्ती घेतली तर हे काहीच लागत नाही.

आमचा पाचवा संच २०३२ च्या जूनमध्ये काढायचा आहे. तोवर माझी बदली झालेली असेल, ती मुलगी बावीस वर्षांच्या आसपास असेल. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलं आहे: पिंपळाच्या पाराच्या ईशान्य कोपऱ्यापासून सरळ कुंपणाकडं चार मीटर, तिथून डावीकडं दीड मीटर, खोली एक वीत, बारा जाळ्या, पट्ट्यांवर आकडे ४९ ते ६०. खुरपं वापरावं. क्रमांक ५४ चा कप अलगद उचलावा.